मागवलेल्या कळा

माझ्या थोरल्या मुलीला या जगात येण्याची मुळीच घाई नव्हती. आजही तिला कुठे जायचं म्हटलं की दारात टांगा उभा राहून घोडा पेंगायला लागतो, तरी बाईसाहेबांचा पदर सारखा होत नाही. पण तेव्हा ती पोटात होती आणि तिच्या वाटची बोलणी मला खावी लागत होती.

सासर जळगावचं आणि माहेर नरडाण्याजवळच्या खेड्यातलं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातवा लागताच वडील मला रेल्वेने घेऊन आले. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो आणि आईला माय. घरात तिसरी होती अक्का, म्हणजे मायची थोरली बहीण. ती लवकर विधवा होऊन आमच्याकडेच राहायला आलेली. घरातली आणि भावकीतली सगळी बाळंतपणं तिच्या हुकमाने पार पडत. गावची सुईणसुद्धा अक्काला विचारून पाणी तापत ठेवायची.

दिवस भरले. मग भरून वर सांडायला लागले. आडावर पाणी भरायला येणाऱ्या बाया रोज आमच्या ओट्यापाशी घागर टेकवून माझ्याकडे बघायच्या आणि मान हलवून पुढे जायच्या. एकीने तर हत्तिणीला किती महिने लागतात याची चौकशी माझ्यादेखत मायजवळ केली. मी हसून साजरं केलं. मला तेव्हा भीती नव्हती. बाळंतिणीच्या खोलीच्या भिंतीला लागूनच माझं लहानपण गेलेलं. कळा म्हणजे काय ते कानांनी मला चांगलं ठाऊक होतं.

मग पाय सुजले. जोडवी बोटांत रुतायला लागली, ती काढताना मायने खोबरेल तेल आणि अक्काने शिव्या वापरल्या. पाठोपाठ डोकं जड झालं. अक्का म्हणाली, अंगात पाणी उतरलं आहे, होतं असं. पण आबा फार बोलत नसत आणि एकदा बोलले की मागे घेत नसत. त्यांनी आग्रा रोडवरून धुळ्याला जाणाऱ्या मोटारीत मला आणि मायला बसवलं आणि स्वतः पुढे ड्रायव्हरशेजारी बसले.

धुळ्याच्या त्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या. देशावरच्या, सडपातळ, गोल चष्म्याच्या, वाक्य संपलं की ओठ असे मिटायच्या की पुढचं वाक्य आत कोंडून ठेवलंय असं वाटावं. त्यांनी माझ्या दंडाला पट्टा बांधून त्यात हवा भरली, नळीतली लघवी स्पिरिटच्या दिव्यावर तापवली आणि तिच्यात पांढरं साकळलेलं आबांना दाखवलं. आबांनी भिंतीकडे तोंड केलं. मग बाईंनी सांगितलं ते असं: दिवस टळून गेले आहेत, सूज आहे, रक्ताचा दाब चढतो आहे. फार वाट पाहणं आईलाही बरं नाही आणि बाळालाही नाही. मंगळवारच्या बाजारापर्यंत मीठ बंद, पडून राहा. आपणहून कळा आल्या तर उत्तम.

"आणि नाही आल्या तर?" मायने विचारलं.

"तर आपण त्यांना बोलावून घेऊ," बाई म्हणाल्या आणि ओठ मिटले.

माझ्या भीतीचा जन्म तिथे झाला. तिला मात्र यायची घाई होती.

मोटारीतून परत येताना मी ते शब्द मनात नुसते उलटसुलट करत होते. आपणहून आलेल्या कळेचं कसं असतं, ती आगंतुक पाहुण्यासारखी. येते, जेवते, हात धुते, निघून जाते. पण आमंत्रण देऊन, माणूस पाठवून बोलावलेल्या पाहुण्याला 'आता जा' असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? तो बसला म्हणजे बसला. औषधाने आणलेल्या कळांना आपला आवाका कसा कळणार? त्या थांबल्याच नाहीत तर? आणि मी त्यांना पुरी पडले नाही तर? हे मी कोणाला सांगितलं नाही. घरी पोहोचल्यावर मोटारीच्या ड्रायव्हरची नक्कल करून सगळ्यांना हसवलं आणि कोपऱ्यात जाऊन पडले.

अक्काला निकाल कळला तेव्हा ती माझ्या उशाशी येऊन बसली. "पोरी, कळा आपसूक येवाले पाहिजेत," ती म्हणाली. "ओढीसन आणेल कळा म्हंजे कच्चं फळ झाडवरथीन तोडानं."

हे ऐकून मला धीर यायला हवा होता की भीती वाढायला हवी होती, ते अक्कालाच ठाऊक. मला मात्र भलतंच आठवलं. सासरच्यांची केळीची बाग असोद्याच्या शिवारात होती. तिथे मी पाहिलं होतं, केळीचा घड झाडावर पिकू देतच नाहीत. हिरवा असतानाच उतरवतात आणि घरात झाकून पिकवतात. झाडावर राहिला तर केळी उकलतात आणि वटवाघळांचं फावतं. ही गोष्ट मी अक्काला सांगितली नाही. वाद मी जिंकले असते, पण तो डॉक्टरीणबाईंच्या बाजूने जिंकला गेला असता.

मंगळवारपर्यंतचे दिवस अक्काने आपल्या ताब्यात घेतले. आमच्याकडे बाई अडली की घरातलं जे जे बांधलेलं, झाकलेलं, कुलूप लावलेलं असेल ते ते उघडतात. घर मोकळं तर बाई मोकळी. हे एरवी कळा सुरू झाल्यावर करायचं असतं, पण अक्काने ठरवलं की या वेळी कळांच्या आधीच करू, म्हणजे कळांना वाट दिसेल. कणग्यांची तोंडं उघडली. लोणच्याच्या बरण्यांची फडकी सुटली. मायच्या लग्नातली पेटी उघडी पडली आणि त्यातल्या साड्या बघायला आळीतल्या बायका येऊन गेल्या. माझी वेणी सुटली, मायची सुटली. गोठ्यातली दावी सोडल्यावर वासराने सगळं दूध पिऊन टाकलं आणि म्हैस नरडाण्याच्या स्टेशनाकडे चालू लागली. तिला परत आणायला आबा मैलभर धावले. ते घामाघूम होऊन परतले तर अक्का दारातच उभी होती आणि त्यांच्या धोतराकडे बघत होती. आबांनी धोतराची गाठ दोन्ही हातांनी धरली आणि आल्या पावली मागे फिरले. घरात तेवढी एक गाठ शिल्लक राहिली.

मी खाटेवर पडून पोट धरून हसत होते आणि त्या हसण्याने तरी काही सुरू होतंय का याकडे कान लावून होते. काही सुरू झालं नाही. सूज मात्र पोटऱ्यांपर्यंत चढली.

मंगळवारी आम्ही पुन्हा धुळ्याला गेलो. या वेळी अक्काही आली. माझी रवानगी बायकांच्या वॉर्डात झाली. शेजारच्या खाटेवर सातपुड्याच्या पायथ्याकडच्या गावची एक तरुण बाई होती. तिचेही पाय सुजलेले. तिलाही बाईंनी तेच औषध सुचवलं होतं आणि तिने नको म्हणून सांगितलं होतं. दुसरं काही ती बोलत नसे. मी काय खाते, काय बोलते, कधी कण्हते ते मात्र ती सगळं बघत असे.

बाईंनी तपासलं आणि उद्या सकाळी औषध सुरू करू म्हणाल्या. त्या गेल्या आणि वॉर्डात अशी शांतता पसरली की मला सहन होईना. घाबरले की मला सोंग आणावंसं वाटतं, ते अजूनही तसंच आहे. मी खाटेवर उठून बसले, पदर कमरेला खोचला, बोटांची वर्तुळं करून डोळ्यांना लावली आणि मायला म्हटलं, "जीभ दाखवा. पाय दाखवा. आता भीती दाखवा. हं, थोडी जास्तच आहे, उद्या सकाळी काढून टाकू." आणि ओठ असे मिटले की समोरच्या खाटेवरची बाळंतीण टाके दुखतात म्हणून हसणं आवरायला लागली. अक्कासुद्धा हसली. मग सगळ्या एकदम गप्प झाल्या. मी बोटांच्या चष्म्यातून दाराकडे बघितलं. डॉक्टरीणबाई तिथे उभ्या होत्या.

त्या आल्या, माझ्या खाटेवर बसल्या. "माझं सोंग चांगलं आणलंत," त्या म्हणाल्या. "ओठांचं मला ठाऊक नव्हतं. पण पुढचा अंक तुम्हाला माहीत नाही, म्हणून इथेच अडला आहात. कशाची भीती वाटते ते नीट सांगा बरं."

माझ्या तोंडून सगळं निघालं. आगंतुक पाहुणा, आमंत्रण दिलेला पाहुणा, जा कसं म्हणायचं, सगळं. माय ओशाळली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी मला क्रमाने सांगितलं. आधी गरम सरबतातून एरंडेल द्यायचं, पोट साफ होईल. मग गरम पाण्याने अंघोळ. मग क्विनाइन, त्याने कान वाजतील, घाबरायचं नाही. मग नुसती वाट बघायची. कदाचित एवढ्यावर काहीच होणार नाही. तर दुसऱ्या दिवशी सुई, पण अगदी थोडी, आणि ती देऊन त्या निघून जाणार नाहीत. पोटावर हात ठेवून शेजारी बसतील. कळ कशी आली, किती टिकली, मध्ये उसंत मिळाली का, ते हाताला कळतं. ते बघूनच पुढची सुई.

"आणि पाहुणी बसूनच राहिली तर?" मी विचारलं.

"तर तिला पुढचा चहा द्यायचा नाही."

हेही त्या न हसता म्हणाल्या. मग म्हणाल्या, आता हे सगळं मला करून दाखवा. मी चक्रावले. पण रंगभूमीवर बोलावणं आल्यावर मागे सरणारी मी नव्हे. मी आधी बाई झाले, मग मी झाले, एरंडेल प्याले, तोंड वाकडं केलं, कान वाजले म्हणून डोकं हलवलं, सुई घेतली, कळ आली. कळ आल्यावर मी दात आवळून सोशीकपणे छताकडे बघितलं. बाईंनी तिथे मला थांबवलं. "इथे ओरडलात तरी चालेल," त्या म्हणाल्या. "इथे शाबासकी मिळवायची नाही."

जाताना त्यांनी सांगितलं की सकाळी त्या मला विचारतील. नको म्हटलं तर जबरदस्ती नाही, मात्र नको का म्हणू नये ते त्या पुन्हा एकदा सांगतील. त्या गेल्यावर मी भीती कुठे आहे ते चाचपून बघितलं. होती. पण आधी ती अख्ख्या वॉर्डाएवढी होती, आता तिला हातपाय होते, कुठून येणार आणि कुठे बसणार ते दिसत होतं.

अक्काने हे सगळं ऐकलं होतं आणि तिला ते बिलकूल पसंत नव्हतं. तिच्या मते कळा न येण्याचं कारण सरळ होतं: अजून काहीतरी बंद राहिलं होतं. घरचं सगळं उघडलं, पण मुलगी आता घरी कुठे होती? ती इथे होती. म्हणजे इथलं उघडायला हवं. औषधाच्या आधी उघडलं, तर औषध लागणारच नाही.

सकाळी मी जागी झाले तेव्हा अक्काची मोहीम सुरू झालेली होती. खिडक्या सताड उघड्या. आमच्या ट्रंकेचं झाकण वर. उशांच्या खोळींचे बंद सुटलेले. समोरच्या बाळंतिणीने काही न विचारता स्वतःची वेणी सोडली. शेजारच्या बाईने आपलं गाठोडं अक्कापुढे सरकवलं आणि अक्काने ते सोडून, आत काय आहे ते न बघता, तसंच ठेवलं. नर्सच्या हातातला बँडेजचा गुंडाळा तिने उलगडायला घेतला, तो मायने कसाबसा वाचवला. मी परकराची नाडी मुठीत धरून बसले होते.

मग अक्का वॉर्डाच्या टोकाला जाऊन थांबली. तिथे भिंतीशी एक उंच लाकडी कपाट होतं आणि त्याला पितळी कुलूप. तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. अक्का त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"बाई, बठ्ठं उघडं शे. एक कुलूप ऱ्हायनं."

बाईंना कळेना. सगळं उघडलं, एक कुलूप राहिलं असं म्हणते, असं सांगून मायने मान खाली घालून आमची रीत समजावली, आणि म्हातारीचं मनावर घेऊ नका असंही म्हणाली. बाईंनी सुटलेल्या वेण्या बघितल्या, खोळी बघितल्या, खिडक्या बघितल्या. मला वाटलं, आता ओठ मिटणार. पण त्यांनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला, कपाटाशी गेल्या आणि कुलूप उघडून दोन्ही दारं भिंतीला टेकतील इतकी उघडली.

अक्काने समाधानाने श्वास सोडला. आत बाटल्या ओळीने उभ्या होत्या. बाईंनी हात वर करून त्यातली एक उतरवली. आमच्याकडे गाडीच्या आसाला घालतात तेच ते पिवळं, दाट, सुस्त तेल.

"उघडलंच आहे, तर एरंडेल काढून घेते," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "काय करू?"

अक्काचा चेहरा मी आयुष्यात विसरणार नाही. जे औषध टाळण्यासाठी तिने म्हशीपासून मुक्तिसंग्राम सुरू केला होता, ते औषध तिनेच सोडवून बाहेर आणलं होतं. आणि उघडलेल्या कुलपातून निघालेल्या वस्तूला अपशकुनी म्हणायची सोय तिच्या शास्त्रात नव्हती. ती बाटलीकडे बघत राहिली. मग माझ्याजवळ आली आणि अगदी हळू म्हणाली, "कुलूप मीच उघडाले लावं. आते तू सांग, पोरी."

इतके दिवस सगळ्या मला सांगत होत्या. मी सांगायचं असं पहिल्यांदाच कोणी म्हणत होतं. शेजारच्या बाईचे डोळे माझ्यावर होते. मला आता सोंग आणावंसं वाटत नव्हतं.

"द्या, बाई," मी म्हटलं. "पण चहा माझ्याकडे बघून द्या."

एरंडेलाबद्दल मी चार बऱ्या गोष्टी सांगू शकेन, पण त्या मेलेल्या माणसाबद्दल सांगतात तशा असतील. पोटात आमच्या गाडीची दोन्ही चाकं फिरली. क्विनाइन आलं तेव्हा अक्काने हिव कोणाला भरलं आहे म्हणून विचारलं, कारण तिला ते तेवढ्याचसाठी ठाऊक होतं. माझ्या कानांत दुपारभर सरकी काढण्याचं जिन चालू होतं. आणि एवढं होऊन कळा नाहीत. संध्याकाळी मला रडू आलं. बाई आल्या, म्हणाल्या, हे तुम्ही करून दाखवलं होतं ना, कदाचित काहीच होणार नाही म्हणून? खरंच, करून दाखवलं होतं. त्या आठवणीने मला झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सुई झाली. थोडीशीच. बाई स्टूल ओढून बसल्या आणि हात पोटावर ठेवला. बराच वेळ आम्ही दोघी एखाद्या सभेत पाहुणे यायची वाट बघणाऱ्या यजमानिणींसारख्या बसून होतो. मग कमरेत काहीतरी आवळलं, सुटलं. पुन्हा आवळलं. बाईंनी आणखी थोडी सुई दिली. मग कळा आल्या, एकीमागून एक, आणि मी ओरडले. शाबासकीचा विचारही मनात आला नाही. माय पाठ चोळत होती, अक्का देवाचं आणि डॉक्टरांचं नाव आलटून पालटून घेत होती. मला सगळं सहन होत होतं, कारण प्रत्येक दोन कळांच्या मध्ये एक उसंत होती आणि ती उसंत आहे हे मी बाईंच्या चेहऱ्यावर वाचत होते.

मग एक मोठी कळ आली. ती ओसरल्यावर मी बाईंच्या दुसऱ्या हाताकडे बघितलं. त्यांनी सुई उचललेली होती. त्या थोडा वेळ थांबल्या, पोटावरचा हात तसाच ठेवून, आणि सुई पुन्हा तबकात ठेवली.

"पुरे झालं," त्या म्हणाल्या. "आता या तुमच्या स्वतःच्या आहेत."

मागवलेल्या कुठे संपल्या आणि माझ्या कुठे सुरू झाल्या, ते मला सांगता येणार नाही. पुढे धाकटा मुलगा आपणहून, कोणाला न विचारता, घरीच झाला, तेव्हा मी मुद्दाम लक्ष देऊन बघितलं. अक्काचं कच्च्या फळाचं शास्त्र तपासायला ती एकच संधी होती. काही फरक नव्हता. दोन्ही वेळा मी तितकीच ओरडले.

दुपारी मुलगी झाली. डोकंभर काळे केस, आणि झोपेतून उठवल्याचा राग तोंडावर. अक्काने तिला बघितलं आणि वॉर्डभर सांगत सुटली की कुलूप उघडलं म्हणून झालं. बाईंच्या समोरही सांगितलं. बाई म्हणाल्या, किल्ली वेळेवर सापडली ते बरं झालं.

दोन दिवसांनी सूज उतरायला लागली. मुलगी माझ्या कुशीत होती. शेजारच्या खाटेवरची बाई पदराशी चाळा करत बसलेली. तिने एवढ्या दिवसांत पहिल्यांदा आपणहून तोंड उघडलं.

"औषधन्या कळा कश्या ऱ्हातस?"

माझ्या हाती अख्खं नाटक होतं. एरंडेल, जिन, पाहुणी, किंकाळ्या. दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर मी खाटेवर उभी राहून करून दाखवलं असतं. पण तिचे सुजलेले पाय माझ्या समोर होते. मी तिला जसं झालं तसं सांगितलं. चव वाईट, कान वाजतात, वाट बघून कंटाळा येतो. मग दुखतं, फार दुखतं. मध्येमध्ये थांबतं. मग संपतं.

ती ऐकत होती. मग तिने खालच्या आवाजात विचारलं की डॉक्टरीणबाई शेवटपर्यंत जवळ बसतात का, की सुई देऊन जातात.

"बसतस," मी तिच्या बोलीत म्हटलं. "पोटवर हात ठेईसन बसतस."

तिने माझ्या मुलीकडे बघितलं, पदर डोक्यावरून सारखा केला, आणि मला म्हणाली, जरा नर्सला हाक मार.